तोंडाकडे बघून बोला

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाला आम्हाला आठवड्यातले तीन दिवस एखाद्या संस्थेत जाऊन काम करावं लागायचं. मी लहान मुलांबरोबरचं काम मागितलं होतं. यादी लागली तेव्हा माझ्या नावापुढे सांगलीतली एक छोटी संस्था होती, ज्येष्ठ नागरिकांच्या हक्कांसाठी काम करणारी. मी बदलून मागायला सरांकडे गेले. ते म्हणाले, "का, म्हातारी माणसं आवडत नाहीत?"

तसं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांसाठी करण्यासारखं काय असतं, एवढाच प्रश्न माझ्या मनात होता. त्यांना वेळेवर औषध द्यायचं, उन्हात बसवायचं, हळू बोलायचं. यात शिकायचं काय? पण हे सरांना सांगायची हिंमत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी त्या संस्थेत हजर झाले.

संस्था म्हणजे गावभागात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. खाली गिरणी सुरू झाली की टेबलावरची पेनं थरथरायची. संस्था चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या होत्या, सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. काम कसलंही निघायचं. कुणाचा अंगठा आधारचं मशीन घेत नव्हतं, कुणाला प्रांत ऑफिसात अर्ज द्यायचा होता, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात सोबत हवी होती. पहिल्याच दिवशी ताई मला म्हणाल्या, "आपण वकील नाही, पण काम वकिलीचंच आहे. फरक एवढाच, की आपला अशील समोर बसलेला असतो आणि तरी त्याच्याबद्दल बाकीचेच बोलत असतात."

त्यांचा एक नियम होता. प्रत्येक माणसासाठी वहीत एक पान, आणि त्या पानावरची पहिली ओळ त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत. मुलाच्या नाही, सुनेच्या नाही, आपल्या तर नाहीच. मला हे जरा शाळेतल्यासारखं वाटलं. आमच्या अभ्यासात त्याहून भारदस्त पद्धती होत्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक माणूस ऑफिसात आला. पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा. मार्केट यार्डात हळदीच्या गोदामात कामाला होता. शर्टाला, नखांना, चपलेच्या पट्ट्यांनाही हळद लागलेली होती. ताई त्या दिवशी मिरजेला गेल्या होत्या, म्हणून तो माझ्यासमोर बसला.

"आईला वृद्धाश्रमात ठेवायचंय," तो म्हणाला. "तिकडं साताऱ्याच्या पुढं एक चांगला हाय म्हणं. त्यांना तुमच्या संस्थेचं पत्र लागतंय."

मी का म्हणून विचारलं. तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत सांगू लागला.

"डोकं काम देत न्हाई तिचं. इचारलं एक तर बोलती भलतंच. दूध उतू जातंय, ही शेजारीच बसल्याली असती. नळ चालू ठेवती, घरभर पाणी. मागच्या महिन्यात घरातनं गेली. शोधून शोधून थकलो, तर ती आधी कामाला हुती त्या सूतमिलच्या बंद फाटकापाशी हुबी. तिथं काय हाय आता? बाभळी उगवल्यात. उद्या रस्त्यावर गाडीखाली आली तर काय करायचं? मी दिवसभर गोदामात, बायकू शिलाई करती. कुणी बघायचं?"

तो वाईट माणूस नव्हता. हे मी आज म्हणत नाही, तेव्हाही मला ते कळत होतं. बोलताना त्याने मध्येच खिडकीकडे तोंड फिरवलं. मी त्याला पाणी दिलं आणि उद्या घरी येते म्हणाले.

घर माधवनगरला होतं. आजूबाजूला यंत्रमागाच्या शेड. गल्लीत शिरलं की मागांचा खडखडाट सुरू व्हायचा आणि बाहेर पडेपर्यंत तो थांबायचा नाही. घराच्या उंबऱ्यावर आजी बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या असाव्यात. अंगाने सडपातळ, नऊवारी नेटकी नेसलेली, केस घट्ट बांधलेले. आत खिडकीपाशी सून शिलाई मशीनवर साडीला फॉल लावत होती.

मला त्या दिवशी सर्दी झाली होती. म्हाताऱ्या माणसाला आपली सर्दी लागायला नको, म्हणून मी तोंडावरचा मास्क काढला नाही. मांडीवर फॉर्म ठेवला आणि विचारायला सुरुवात केली.

"आजी, तुमचं वय किती?"

"व्हय, जेवले की."

"आज वार कोणता आहे?"

"एकच पोरगी हाय. तासगावला दिली."

"आता सकाळ आहे का संध्याकाळ?"

त्यांनी माझ्याकडे टक लावून बघितलं. मग हात वर करून स्वतःच्या हनुवटीपाशी नेला आणि काहीतरी खाली ओढल्यासारखं केलं. एकदा, दोनदा. मी ते फॉर्मवर लिहून घेतलं: हाताच्या निरर्थक हालचाली. सुनेने मशीनवरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. बघा, रोजचं हे असं आहे, असं तिच्या नजरेत होतं.

परत आल्यावर मी वहीत छान अक्षरात अहवाल लिहिला. 'स्थळ-काळाचे भान नाही. उत्तरांत विसंगती. स्मृतिभ्रंशाची स्पष्ट लक्षणे. संस्थात्मक देखभालीची शिफारस.' हे शब्द लिहिताना मला अभिमान वाटला होता, हे कबूल करायला हवं. पहिल्यांदाच मी अभ्यासातली भाषा खऱ्या माणसाला लावत होते. पहिल्या ओळीच्या जागी मी मुलाचं वाक्य टाकलं: 'डोकं काम देत नाही.' आजींचं असं वाक्य माझ्याकडे नव्हतंच.

ताईंनी दोन दिवसांनी ते पान वाचलं. चष्मा काढून पदराला पुसला.

"आजी काय म्हणाल्या?"

"त्यांना काही सांगता येत नाही, ताई. त्यांना प्रश्नच कळत नाहीत."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही."

"मग हा स्मृतिभ्रंश कुठून आला?" त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "परत जा. या वेळी फॉर्म नेऊ नकोस. नुसती बसून ये."

मला राग आला होता. त्या रागातच मी पुढच्या आठवड्यात माधवनगरच्या बसमध्ये बसले. सर्दी गेली होती, मास्क नव्हता.

गल्लीत वळले आणि थांबले. आजी समोरच्या यंत्रमागाच्या शेडच्या दारात उभ्या होत्या. आत सातआठ माग एकदम चालले होते. त्या आवाजात शेजारी उभं राहून ओरडलं तरी ऐकू येत नाही. शेडच्या पार पलीकडच्या टोकाला साठीचा एक कामगार मागावर वाकलेला होता. त्याने मान वर केली आणि आजींकडे बघून ओठ हलवले. आजींनी उलट ओठ हलवले, दोन बोटं कपाळाला लावली, मग मुठीवर मूठ आपटली. तो हसला. त्याने पुन्हा काहीतरी म्हटलं. आजी हसून दाराच्या चौकटीला टेकल्या. हे बराच वेळ चाललं होतं. कुणाच्याही तोंडून आवाज निघत नव्हता. निघाला असता तरी उपयोग नव्हता.

मी बघतेय हे त्या कामगाराच्या लक्षात आलं. माग बंद करून, कपाळावरचा कापूस पुसत तो बाहेर आला.

"तुम्ही काय बोलत होता?" मी विचारलं.

"काय न्हाई ओ. माझ्या पोरीला बघायला पाव्हणं आलं हुतं काल, ते इचारत हुत्या. मी म्हटलं, पोरानं लय येळ डोकं खाजवलं." तो हसला. "आमी मिलमधी असंच बोलायचो. ह्या वाइंडिंगला हुत्या, सूत कांड्यांवर भरायच्या. मी तवा नवीन लागलो हुतो. तिथल्या बायकांनीच शिकीवलं. त्या आवाजात कान कशाला लागतोय?"

"पण त्यांना समजत नाही म्हणतात घरचे."

त्याने आजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. "समजंल कसं? कान कवाच गेल्यात त्यांचं. अख्खी जिंदगी त्या आवाजात काढली. तुमी तोंडाकडं बघून बोला. उजेडात उभं ऱ्हावा आन् सावकाश बोला. ओरडायचं न्हाई, ओरडलं की तोंड वाकडं हुतंय."

मी आजींना उंबऱ्यावर बसवलं आणि त्यांच्यासमोर, ऊन माझ्या तोंडावर पडेल अशी, पायरीवर बसले.

"आजी, मी मागच्या आठवड्यात आले होते. आठवतंय का?"

"आठवतंय की. तोंडाला फडकं बांधून आली हुतीस. मी म्हटलं काढ, काढ." त्यांनी पुन्हा तोच हात हनुवटीपाशी नेऊन खाली ओढला. "तू काढलंच न्हाईस. मांडीकडं बघून काय काय इचारत बसलीस."

निरर्थक हालचाली, असं मी लिहिलं होतं. मी खाली बघणार होते, पण खाली बघितलं तर त्यांना माझं बोलणं कळणार नाही हे लक्षात आलं. म्हणून त्यांच्याकडे बघत म्हणाले, "माझी चूक झाली, आजी."

"असूं दे. समदीच करत्यात."

"मग तुम्ही कायबाय उत्तरं का दिलीत?"

"गप बसलं तर मानसाला वाटतं ही येडी झाली. म्हणून अंदाजानं देती. कवा लागू पडतंय, कवा पडत न्हाई. आधी निभायचं. घरात बोलणारा माझ्याकडं बघून बोलायचा. आता त्या मोबाइलकडं बघून बोलत्यात. मोबाइलकडं बघणाऱ्याचं ओठ दिसत न्हाईत. सून मशीनवर वाकून बोलती, दातात टाचणी धरून. आन् पोराच्या त्या मिश्या. त्यातनं मला काय दिसायचं गं?"

"मग सांगितलं का नाहीत? ऐकू येत नाही म्हणून?"

"मिलमधी समद्यांचंच कान गेलं. त्यात सांगायचं काय? आन् एकदा बहिरी म्हटलं की कुणी बोलायचंच बंद करतंय."

दूध उतू जातं, ते त्यांना ऐकू येत नव्हतं. पाठ नळाकडे असली तर पाण्याचा आवाजही नाही. मी एकेक गोष्ट विचारत गेले आणि मुलाने सांगितलेली बहुतेक लक्षणं एकेक करून उलगडत गेली; मिलच्या फाटकाचं तेवढं विचारायचं राहून गेलं. बसने परत येताना मी खिडकीला डोकं टेकून बसले. मी लिहिलेल्या चार ओळींवर एक बाई तिच्या घरातून उठून अनोळखी ठिकाणी गेली असती, आणि कुणालाही काही चुकलं असं वाटलं नसतं. तिथेही तिने अंदाजाने उत्तरं दिली असती.

ताईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला रागावावं असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मिरजेला कानाच्या डॉक्टरांची वेळ घे. आणि ते पान फाडू नकोस. त्याच्याखाली लिही."

मी लिहिलं: 'वरील नोंद चुकीची आहे. ती मी केली होती.' खाली सही केली. वृद्धाश्रमाला फोन करून आमचं पत्र येणार नाही म्हणून कळवलं.

मिरजेला मुलगाही आला, अर्ध्या दिवसाची रजा काढून. तपासायच्या खोलीत डॉक्टर भराभर बोलत होते, समोरच्या कॉम्प्युटरकडे बघत, मुलाला उद्देशून. "किती वर्षं आहे हे? दुसरा काही आजार? यांना चक्कर येते का?" आजी डॉक्टरांच्या कानशिलाकडे बघत बसल्या होत्या, कारण त्यांना तेवढंच दिसत होतं. मी एक विद्यार्थिनी, ते एवढे मोठे डॉक्टर.

"सर," मी म्हणाले, "त्यांच्याकडे बघून विचाराल का? त्या ओठ वाचतात."

डॉक्टर थांबले. मला वाटलं आता बाहेर काढतील. पण त्यांनी खुर्ची वळवली, आजींच्या समोर आणली आणि अगदी तेच प्रश्न पुन्हा विचारले. आजींनी सगळ्यांची उत्तरं दिली. वार विचारला, तोही सांगितला. मग त्यांनी डॉक्टरांना सांगितलं की त्यांची एक बाजूची मिशी जास्त खाली आली आहे, तेवढी कापली तर बरं होईल. डॉक्टर हसले, मुलगा मात्र हसला नाही.

तपासणीत कळलं, दोन्ही कान जवळजवळ गेलेले. कानाच्या मशीनने थोडा फरक पडेल, फार नाही. डोक्यात काही बिघाड दिसत नव्हता. बाहेरच्या बाकावर मुलगा गुडघ्यांवर कोपरं टेकून बसला. आजी समोरच्या भिंतीवरचं मोतीबिंदूचं चित्र बघत होत्या.

"म्हंजी इतकी वर्सं," तो म्हणाला. "मी तिच्या पाठीमागनं हाक मारायचो. ती वळायची न्हाई. मला वाटायचं, मुद्दाम करती."

पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा त्याने मिश्या बारीक केल्या होत्या.

दरम्यान मी सुट्टीला घरी जाऊन आले. आमचं गाव सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात. आजोबा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, ऐंशीच्या पुढचे. त्यांचं जेवण, झोप, स्वेटर, चष्मा, सगळं आम्ही ठरवायचो आणि ते ऐकायचे. आम्हाला त्याचा अभिमान होता, की आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाची किती काळजी घेतात. त्या सुट्टीत मी त्यांच्या खाटेपाशी बसून विचारलं, "आजोबा, तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मी पुन्हा विचारला. मग त्यांनी दाराकडे बघून घेतलं आणि म्हणाले, "साताऱ्याच्या फौजेच्या क्यांटीनला जायाचं हाय. माझं मी."

"पण बाबा आणतात ना तुमचं सगळं सामान."

"सामान येतंय गं. माणसं येत न्हाईत." तिथल्या रांगेत त्यांना त्यांच्या वयाचे फौजी भेटायचे. उन्हात उभं राहावं लागतं, म्हणून बाबांनी तीन वर्षांपूर्वी त्यांचं जाणं बंद केलं होतं. त्यांनी एका शब्दानेही विरोध केला नव्हता, आणि आम्ही समजलो होतो की त्यांना बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एसटीत बसवलं. बाबा चिडले. आजोबा संध्याकाळी परत आले ते तीन जणांच्या मरणाच्या बातम्या आणि एकाच्या पणतवाचे पेढे घेऊन. जेवताना ते नेहमीपेक्षा दुप्पट बोलले.

हे अनुभवूनही मी सांगलीला परतल्यावर तीच चूक पुन्हा केली. आजींच्या पानावर मी लिहिलं: 'कुटुंबात समाधानकारक पुनर्वसन. प्रकरण बंद.' घरात सगळे आता समोर येऊन बोलत होते. सुनेने दातात टाचणी धरणं सोडलं होतं. मला वाटत होतं, यापेक्षा चांगला शेवट काय असणार?

ताईंनी पान वाचलं. "त्यांना विचारलंस?"

"काय विचारायचं? त्या घरीच आहेत की."

ताईंनी वही माझ्याकडे सरकवली. मी उठून माधवनगरची बस धरली.

तुम्हाला काय पाहिजे, हा माझा प्रश्न आजींनी शेवटपर्यंत बघून घेतला आणि त्या म्हणाल्या, "मला जायाचं हाय."

"कुठे?"

"शिराळ्याकडं. माझ्या मैतरणीकडं." वाइंडिंगला त्यांच्या शेजारच्या मशीनवर एक बाई होती. मिल बंद पडल्यावर ती नवऱ्याच्या गावी गेली, शिराळ्याजवळच्या एका वाडीत. नवरा वारला, मुलं झालीच नव्हती. आता एकटी होती, घर होतं, परड्यात दोन शेळ्या होत्या. तिचेही कान गेलेले. "ती डोळं दाखवायला सांगलीला येती तवा मिलच्या फाटकापाशी उतरती. तिथंच भेटायचं ठरल्यालं असतंय आमचं. त्या दिशी मी तिलाच भेटाय गेले हुते. ह्यांनी येड्यागत शोधलं."

"तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?"

"कुणी इचारलं?"

मी विचारलं, घरात आता काही त्रास आहे का. त्या म्हणाल्या, न्हाई, आता लय चांगलं बोलत्यात. पण समोरचा माणूस आपल्यासाठी मुद्दाम थांबतो, तोंड नीट उघडतो, दोनदा सांगतो, हे त्यांना दिसत होतं. "तिच्यासंगं तसं करावं लागत न्हाई. ती बोलती आन् मला दिसतंय. मला पाहुणी असल्यागत नको बोलायला."

मुलगा ऐकून उठूनच उभा राहिला. "लोक काय म्हणतील? म्हाताऱ्या आईला हाकललं म्हणतील."

वृद्धाश्रमात पाठवताना त्याला लोकांची एवढी भीती वाटली नव्हती, हे माझ्या मनात आलं. पण तेव्हा आजाराचं कारण सांगता येणार होतं. आता सांगायला काहीच नव्हतं, फक्त आईची इच्छा. आणि खरं सांगायचं तर मीही त्याच्याच बाजूची होते. दोन बहिऱ्या म्हाताऱ्या, वाडीवर, दवाखाना लांब. कुणी दार वाजवलं तर ऐकू कुणाला येणार? मी ताईंना म्हणाले, हे सुरक्षित नाही.

"नाहीच," ताई म्हणाल्या. "त्यांना ते माहीत नाही असं तुला वाटतं का? ते विचार. आणि त्यावर काय करायचं, तेही त्यांनाच विचार."

मग एका रविवारी आम्ही सगळे त्या घरात गोल करून बसलो. एका वेळी एकानेच बोलायचं आणि आजींकडे बघून बोलायचं, असं ठरलं. मुलाने त्याची भीती सांगितली. दोनदा त्याचे डोळे भरले आणि दोन्ही वेळा आजी म्हणाल्या, "तोंड पूस, मला दिसंना." वाडीवर शेजारची बाई सकाळ-संध्याकाळ डोकावेल, असं त्यांनी आधीच मैत्रिणीकडून ठरवून घेतलं होतं. ते त्यांनी सर्वांत शेवटी सांगितलं. इतका वेळ आम्ही सगळे ज्यावर डोकं खपवत होतो, त्याची सोय त्यांनी आमच्या आधीच लावली होती. मग सून म्हणाली, "मी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावायला शिकवते. त्यात तोंड दिसतंय." हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. एक महिना जाऊन बघायचं, असं ठरलं.

शिराळ्याच्या एसटीत मी त्यांच्याबरोबर गेले, मुलगा मोटारसायकलवर मागून सामान घेऊन. वाडीवरच्या घरापुढे ती मैत्रीण उभी होती, ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा लावलेली. आजी पायवाटेवर असतानाच दोघींनी बोलायला सुरुवात केली. मधे भाताचं खाचर होतं. ओठ हलत होते, बोटं हलत होती. मुलाने गाडी बंद केली आणि तो बघत राहिला. त्याने आईला असं बोलताना आधी कधी बघितलं नव्हतं. ती मिलमध्ये असायची तेव्हा तो घरी असायचा.

मी तिथे तासभर बसले. त्या दोघी आवाज न करता अखंड बोलत होत्या, मध्येच मांडीवर थाप मारून हसत होत्या. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. एकदा दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसल्या. काय म्हणालात, असं मी विचारलं. आजी म्हणाल्या, "काय न्हाई. तुझं लगीन ठरलं का, इचारती."

महिन्याचे दोन महिने झाले, दोनाचे सहा. मुलगा दर पंधरवड्याला रविवारी जायचा. माझी परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या मॅडमनी माझी वही चाळली आणि त्या चुकीच्या नोंदीवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं आणि वही मिटून परत दिली. किती गुण मिळाले ते कळलं, पण त्या काय विचार करत होत्या ते कळलं नाही.

मला साताऱ्यात एका अशाच कामाची नोकरी लागली. तिथे गेल्यावर दीड वर्षाने आजींच्या सुनेचा फोन आला. शिराळ्याची मैत्रीण वारली होती. आजी परत माधवनगरला आल्या होत्या, कुणी आणायच्या आधीच मुलाला व्हिडिओ कॉल लावून, 'मला न्यायला ये' म्हणून सांगून.

मी सुट्टीच्या दिवशी भेटायला गेले. त्या जरा वाळल्या होत्या. मी समोर बसले आणि मैत्रिणीला शेवटी फार त्रास झाला का, म्हणून विचारलं.

"दोन म्हैने हातरुणावर हुती. त्यातलं शेवटचं पंधरा दिस तिला दिसंना झालं." त्या हे अगदी सरळ सांगत होत्या. "माझं ओठ तिला दिसंनात, माझं बोलणं ऐकू येईना. मग मी तिचा हात हातात घ्यायची. मिलमधी सूत तुटलं की मनगटावर दोन टिचक्या मारायचो, कांडी भरली की एक. तसल्या खुणा लय हुत्या आमच्या. त्यातच बोलायचो. तिला भूक लागली, पाणी पायजे, कूस बदलायची, समदं त्यात सांगायची."

"आणि शेवटच्या दिवशी?"

"त्या दिशी काय बोलली न्हाई. नुसता हात धरून हुती."

मी काही बोलायला गेले, पण माझी मान खाली गेली होती. आजींनी माझ्या हनुवटीला बोट लावून माझं तोंड वर केलं.

"तुझ्या साताऱ्याचं सांग आता," त्या म्हणाल्या. "आन् भराभरा बोलू नगं."

सून आतून चहा घेऊन आली. मी सावकाश सांगायला सुरुवात केली.